अडीच इंचांचा उंबरठा

जन्मात कधी करवत हाती न धरलेल्या कमलाक्षीने, फणसाच्या लाकडाचा उंबरठा कापायला मुलाने निवडलेली तिन्ही मल्टिटूल यंत्रे नाकारली. आणि तिन्ही वेळा तिचा आक्षेप बिनचूक होता. "वर्साक दोनदा वापरूक बॅटरी कित्याक रे, पूता?" हा पहिला. दुसऱ्याची पाती डिचोलीच्या बाजारात मिळत नव्हती. तिसरे एकाच वेगाने चाले, त्याने फणसाचे लाकूड करपले असते.

विज्ञानाचा शिक्षक असलेल्या रुद्रेशला मात्र घाई होती. खुब्याचे हाड मोडल्यापासून आईची चाकांची खुर्ची तिच्या खोलीच्या उंबरठ्यावर अडे. सकाळ-संध्याकाळ तो तिला उचलून ओसरीवर नेई आणि परत आणी. डॉक्टरांनी त्याला वजन उचलायची सक्त मनाई केली होती. उंबरठ्यावर लक्ष्मी असते म्हणून आई टाळते, असे त्याचे अनुमान होते.

चौथे यंत्र त्याने न विचारताच आणले: स्वस्त, वायरचे, वेग कमीजास्त होणारे. पाते उंबरठ्याला टेकवून त्याने विचारले, "लक्ष्मी कोपेल म्हणून भितेस?"

"लक्ष्मीक कसलो उंबरो? ती खंयसूनय भितर येता."

"कुठूनही येते ना? मग झालं तर! आता खुर्ची सरळ बाहेर जाईल. मला तुला उचलावं लागणार नाही."

"तेंच तर," आई म्हणाली.

रुद्रेशने पाते मागे घेतले. तो उचलताना आईचे दोन्ही हात त्याच्या गळ्यात असत. वडील गेल्यापासून तिला माणसाचा स्पर्श होत होता तो तेवढाच.