थेंब

"करणाऱ्याच्या हाती तपासणी द्यायची नाही, पोरांनो. करणाऱ्याचा डोळा मायाळू असतो."

बाबांचा तो आवाज पंपांच्या कारखान्यात अजून होता. म्हणूनच धाकटी वरच्या प्रयोगाच्या खोलीत व्हॉल्व्ह घडवायची आणि दादा खालच्या शेडमध्ये, दार लावून, तो पाण्याच्या दाबाखाली तपासायचा. सकाळी जिना चढून यायचा, बोट पुसत म्हणायचा, "थेंब आलाच गं." मग ती पुन्हा बसायची. रबर बदललं, पितळ बदललं, केसांचा रंग बदलला. थेंब काही बदलला नाही. दर वेळी दादा तिच्या पाठीवर हात ठेवायचा. "असू दे. प्रयोग चालू ठेव." असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं ती सगळ्यांना सांगायची.

आज खोली रिकामी होत होती. प्रयोगांच्या खर्चावरची करसवलत सरकारने काढून घेतली होती.

"बाई, हे टेबल दारातून जाईना. आत आलं कसं?" हमालाने विचारलं.

"आलं तेव्हा नुसत्या फळ्या होत्या. आणि मी काडी होते."

हमाल हसला. दादा उंबऱ्यावरच उभा होता. आत येत नव्हता.

तिने ओच्यातून काढावा तसा एप्रनच्या खिशातून व्हॉल्व्ह काढला. "एवढा एक राहिलाय. या वेळी चामडं बसवलंय. लावून बघ ना."

"कशाला आता?"

"सवलत गेली म्हणून पाणी उलटं वाहायला लागलं का रे?"

"तसं नाही गं. वकील म्हणायचे, चालू प्रयोग म्हणजे दुभती गाय. पूर्ण झाला, माल विकायला काढला, की भाकड. सवलत प्रयोगाला होती, विक्रीला नव्हती. आता तर गायच गेली."

"मग विकायलाच काढू. जमला तर."

"पलीकडच्या कारखान्याने काढलाय तसलाच. दुकानादुकानांत लागलाय."

हे तिला ठाऊक होतं. तिने तो विकतही आणला होता, खोलून पाहिला होता, पुन्हा जोडून ठेवला होता. आत तिच्यापेक्षा वेगळं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून ती जेवताना स्वतःच्या बोटांकडे बघत बसायची.

हमालांनी टेबलाचे पाय उपटले. भुसा उडाला. भिंतीवर टेबलाच्या उंचीची एक मळकट रेघ तेवढी उरली.

"दादा, खोली गेली, जाऊ दे. त्यांचा विकतोय, विकू दे. पण माझा हात कुठे चुकत होता, तेवढं सांग. त्यांचा गळत नाही, मग माझाच का गळायचा?"

दादा आत आला. त्याने व्हॉल्व्ह हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बाबा फिरवायचे तसा कडेवरून अंगठा फिरवला. मग सवयीने बोट सदऱ्याला पुसलं. बोट कोरडंच होतं.

ती त्या बोटाकडे बघत राहिली.

"गळत नव्हता गं," तो म्हणाला. "पहिलासुद्धा."