मोगऱ्याचा ताण

दयाळ पक्ष्याच्या पिंजऱ्यात कालपासून पाणी नव्हतं. पाखरू तळाशी चोच वासून बसलं होतं आणि रोपवाटिकेचा मालक शेजारच्या कुंड्यांना पाणी घालत होता.

"अहो, मरेल तो," बायको म्हणाली.

"मोगरा मरतो का? माजला की त्याचं पाणी तोडतो, पानं ओरबाडतो, छाटतो. मगच कळ्या धरतो ना? महिनाभर गायला नाही, फुकट खातोय हा दयाळ. ताण बसला की गाईल."

"पिसं झडताहेत त्याची. नवी आली की गाईल आपोआप. आणि मोगऱ्याला मुळं आहेत हो, तो जमिनीतून ओढून घेतो. या पाखराला वाटीशिवाय काय आहे?"

"मला शिकवू नकोस."

एवढ्यात त्याचं लक्ष पिंजऱ्याकडे गेलं. त्यांची नऊ वर्षांची लेक फ्रॉकचं ओलं टोक गजांतून आत पिळत होती.

त्याने एकच ठेवून दिली. पोर कुंड्यांवर आदळली. एक कुंडी फुटली, पोरीचा ओठही फुटला. तिने हूं की चूं केलं नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

"ही पण माजलीय. आजपासून हिचंही पाणी बंद." त्याने नळ आवळला आणि त्यावर हात ठेवून कट्ट्यावर बसला.

बायकोने आजवर स्वतःचा मार पोटात घातला होता. लेकीचा ओठ पाहिला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने छाटणीची कात्री उचलली.

"हां, त्या कोपऱ्यातल्या मोगऱ्यापासून घे," तो म्हणाला.

तिने नळावरच्या त्या हाताला पाती लावली आणि दोन्ही हातांनी दाबली.

करंगळी चिखलात पडली. तो गुरासारखा ओरडला, मग हात पोटाशी धरून कट्ट्यावरून खाली घसरला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाणी," तो म्हणाला. "पाणी द्या कुणीतरी."

बायको जागची हलली नाही. लेक उठली. रक्ताने माखलेला नळ तिने सोडला, पिंजऱ्यातली वाटी काढून भरली आणि बापाच्या तोंडाला लावली. तो घटाघटा प्यायला. त्याचं होईपर्यंत ती थांबली, मग एक पाऊल मागे सरली.

"बाबा, आता आम्ही दोघं पिऊ?"