वहीत नसलेली पूजा

बोरगावकरांनी लढाऊ विमानाच्या देखभालीची वही मित्रदेशातून आलेल्या तंत्रज्ञ बाईंच्या हातात दिली. एकवीस वर्षं त्यांनीच निगा राखलेलं विमान आता तिकडच्या हवाई दलात जाणार होतं, आणि सकाळपासून त्यांची नुसती चिडचिड चालली होती.

चाकाच्या दांड्याला लागलेला हळदीकुंकवाचा डाग बाईंनी निरखला. "हे वहीत नाही."

"खंडेनवमीची पूजा केली होती. पुसून देतो," म्हणत त्यांनी फडकं उचललं.

"राहू द्या. कधी असते?" बाईंनी पेन काढलं. "वार्षिक देखभालीत लिहून ठेवते."

"तारीख दरवर्षी बदलते हो."

बाई वही पुढे करत म्हणाल्या, "तुमचा नंबर लिहा. दरवर्षी फोन करून विचारेन."

बोरगावकरांनी तळावरच्या ऑफिसचा नंबर लिहिला. मग तो खोडून घरचा लिहिला.