मातीचे इंग्रज

विनोदाला देश नसतो, भाषा नसते, तो थेट काळजाला भिडतो, असं अवधूत सरांचं ठाम मत होतं. कॉलेजच्या वार्षिकांकात त्यांनी ते छापूनही आणलं होतं. वार्षिकांक कुणी उघडत नसल्यामुळे मत अजून शाबूत होतं.

रविवारी सकाळी लातूरच्या एका क्लासच्या पत्र्याच्या हॉलमध्ये त्या मताची परीक्षा लागली. मालक महादेवप्पांना इंग्रजीचा तास बंद करायचा होता. मेडिकलच्या परीक्षेत इंग्रजी नाही, मग हे शिकवून काय करायलात, असा त्यांचा रोकडा सवाल. सर म्हणाले, मुलांची यंत्रं झालीत, त्यांना हसवायला पाहिजे.

"हसवून दावा मग," महादेवप्पा म्हणाले. "हसली तर तास तुमचा. न्हाई तर फिजिक्सचा." आणि हाताची घडी घालून मागच्या बाकावर बसले. सरांकडे हा एकच तास उरला होता.

सरांनी ठेवणीतला सिनेमा लावला. विलायती, पण सगळी माणसं मातीची, हातानं घडवलेले बाहुले. उत्तर इंग्लंडातल्या एका आडगावातले दोन म्हातारे भाऊ, गळकं छप्पर, आणि शिडी कुणी धरायची यावरून त्यांचं भांडण. पुण्यात शिकताना सरांनी तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा ते खुर्चीवरून घसरले होते.

हॉलमध्ये कुणी घसरलं नाही. सरांनी सिनेमा थांबवला.

"गालावर बघा. बोटाचा ठसा दिसतो? बाहुला हातानं जरासा हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा. असा सिनेमा होतो. आणि ठसा मुद्दाम पुसत नाहीत. तीच तर गोडी आहे."

कंधारचा बसवंत उभा राहिला. "सर, येवढा टाइम लावून बी काम कच्चंच ऱ्हायलं म्हणा की."

"कच्चं नाही रे, जिव्हाळा आहे तो."

पुढच्या तीन रांगांनी 'ठसा म्हणजे जिव्हाळा' असं लिहून घेतलं.

"सर, ह्याच्यावर टेस्ट हाय का?"

"नाही."

पेनांची टोपणं बसली.

सिनेमा पुढे सरकला. शिडी घसरली, धुराडं कलंडलं, अख्खं छप्पर खाली आलं. धूळ बसली तेव्हा धाकटा भाऊ खुर्चीवर तसाच होता, हातात कप. त्यानं वर उघड्या आभाळाकडे पाहिलं, चहात पडलेला कौलाचा टवका बोटानं काढला आणि आपल्या गावंढळ इंग्रजीत म्हणाला, हवा जरा खेळती झाली.

सर एकटेच हसले. पुन्हा सिनेमा थांबवला आणि समजावून सांगायला लागले. विनोद समजावून सांगावा लागतो तेव्हा त्याचं काय होतं, हे त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं, एक सर सोडून.

"लंडनचे लोक यांच्या बोलीला हसतात, पुण्याचे आपल्याला हसतात तसे. पण खरं वैभव ह्याच बोलीत आहे. घर पडलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. याला रग लागते. आपल्याकडे ही गोष्टच नाही."

मागून महादेवप्पांनी घड्याळ पाहिलं. ते दिसावं अशा बेतानं पाहिलं.

तेवढ्यात औशाकडची आरती उभी राहिली.

"हाय की सर, आपल्याकडं बी. भूकंपात आमचं घर बसलं. आज्ज्याला दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. तोंडभर माती. चूळ भरली, पडल्या घराकडं बघितलं, आन् म्हनला, बरं झालं, दिवाळीला भिंती सारवायच्या वाचल्या."

अख्खा हॉल हशानं फुटला. बसवंत बाकावर कपाळ आपटायला लागला. कधी मान वर न करणाऱ्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. महादेवप्पांची घडी सुटली, ते रुमालानं डोळे पुसत, "वा रं म्हाताऱ्या!" म्हणाले.

"आरती!" सर ओरडले. "खाली बस. हा काय हसण्याचा विषय आहे? माणसं मेली तिथं!"

मेन स्विच पाडल्यासारखा हशा बंद झाला.

आरती बसली नाही. "व्हय सर. माझी आज्जी बी त्यातच गेली. आज्जा आधी तिचं नाव घ्यायचा, मगच हे सांगायचा."

"आणि आधी भाषा सुधार. असं बोलतात का चार लोकांत?"

आरतीनं पडद्याकडे बोट केलं. तिथे धाकटा भाऊ कप धरून थांबलेला होता. "त्येला तर सुधार म्हनला न्हाईत, सर."

सगळी बाकं सरांकडे बघत होती. गेल्या दोन वर्षांत एवढं एकाग्र लक्ष त्यांना कधी मिळालं नव्हतं.

"त्याची गोष्ट वेगळी आहे," सर म्हणाले. "तो मातीचा आहे."

कुणी हसलं नाही. आरती खाली बसली आणि तिनं फिजिक्सचं पुस्तक काढलं.

महादेवप्पा उठून पुढे आले. सरांनी घाईघाईनं तोंड उघडलं. "मुलं हसली होती, सर. तुम्ही स्वतः पाहिलंत."

"हसली की."

"मग तास..."

"तुमीच गप केली न्हवं?" महादेवप्पा म्हणाले, आणि दाराशी खडू घेऊन उभ्या असलेल्या फिजिक्सच्या राघवेंद्र सरांना त्यांनी मानेनंच आत बोलावलं.

राघवेंद्र सरांनी पडदा वर गुंडाळला. फळा त्याच्या मागेच होता.