पहिला पट

हिशेब सरळ होता. एका पटावर शून्य पत्करायचं आणि उरलेल्या तीन पटांवरून अडीच गुण उचलायचे. तेवढं जमलं की उमरखेडचा बुद्धिबळ क्लब जिल्हा लीगच्या अंतिम सामन्याला यवतमाळला जाणार, आणि कप्तान म्हणून मारोतराव वानखडे यांचा फोटो क्लबाच्या भिंतीवर लागणार.

अडचण एकच, मारेगावचा देवसिंग राठोड. तीन वर्षांत तो कुणाकडून हरला नव्हता. उमरखेडात त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, नाव मात्र सगळ्यांना पाठ.

पहिल्या पटावर संघातला सगळ्यांत तगडा गडी बसवायचा, अशी रीत. मारोतरावांनी ती मोडली, पण मोडताना वर मुलामा दिला.

"डोमाजी, रविवारी पहिला पट तुहा."

जिनात कापसाच्या गाठी मोजणारा डोमाजी क्लबात येऊन तीनच महिने झाले होते. तो उठून उभाच राहिला.

"मले? भाऊ, तुम्ही असतानी?"

"मंग? आमी किती दिवस पुढं बसावं?"

"लई उपकार झाले, भाऊ."

मारोतरावांनी ते उपकारही खिशात टाकले.

रविवारी डोमाजीच्या बायकोनं, कांताबाईनं, चौघा खेळाडूंसाठी मुरमुऱ्याचे लाडू पाठवले. मारोतरावांनी दोन खाल्ले. दुसरा उचलताना डोमाजीकडं पाहायचं टाळलं.

वाचनालयाच्या हॉलात पट मांडले होते. पंच घाईत होते, नुसती आडनावं घेत त्यांनी पाहुणे बसवले. मारेगावच्या चौघांत दोघे राठोड निघाले. एक पिकल्या मिशांचा, पागोटेवाला म्हातारा. तो डोमाजीसमोर बसला. मारोतरावांनी त्याला मनातल्या मनात हात जोडले. दुसऱ्या पटावर, त्यांच्या स्वतःच्या समोर, एक शाळामास्तर आला. त्याला सर्दी झाली होती.

"तब्येत बरी नसंन तर बरोबरी करून टाकू," मारोतराव उदारपणे म्हणाले.

"पाहू ना," मास्तर नाक पुसत म्हणाला.

पंचविसाव्या खेळीला मारोतरावांचा वजीर गेला, तिसाव्या खेळीला राजा. माझं ध्यान डोमाजीच्या पटाकडं होतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

तिसरा पट उमरखेडनं जिंकला. चौथा बरोबरीत सुटला. सगळं आता डोमाजीवर आलं.

म्हाताऱ्यानं एक प्यादं फुकट सोडलं.

"सापळा हाये," मारोतराव पुटपुटले.

मग त्यानं घोडा सोडला.

"लई खोल सापळा हाये."

डोमाजीनं दोन्ही शांतपणे उचलून बाजूला ठेवले. म्हातारा पागोट्याच्या टोकानं घाम टिपत राहिला. तासाभरानं त्याचा राजा कोपऱ्यात सापडला आणि मात झाली.

अडीच विरुद्ध दीड. उमरखेड यवतमाळला निघालं.

मारोतरावांनी डोमाजीला मिठी मारली. डोळे खरोखरच भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांनी माणूस खरं बोलून जातो.

"डोमाजी, तुले मी मराले बसवलतं बाप्पा. देवसिंगपुढं."

"ठावकं होतं, भाऊ."

"आन् तरी उपकार म्हनत होता?"

"खिडकीबाह्यरून दोन वर्सं खेळ पायला मी. तुम्ही आत बसवलं. मराले का होईना, बसवलं ना?"

एवढ्यात पागोटेवाला म्हातारा जवळ आला आणि त्यानं डोमाजीचे दोन्ही हात धरले.

"मस्त खेळले, भाऊ. मले तं चार महिन्यांमागं घोडा कसा चालते हेबी मालूम नव्हतं. आमच्या कप्तानानं एकदम पहिला पट देल्ला. एवढा मान कोन देते?"

मारोतरावांचा हात डोमाजीच्या खांद्यावर होता तसाच राहिला. पंचांनी चष्मा लावला आणि या खेपेला पुरी नावं घेत निकाल वाचायला सुरुवात केली.

"पट पहिला. डोमाजी पाईकराव, एक. उकंडा राठोड, शून्य. पट दुसरा. देवसिंग राठोड, एक. मारोतराव वानखडे, शून्य."