ठेच्याचं झाकण

दिंद्रुडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मालक आणि कामगार एकाच लांब सतरंजीवर जेवत. रामकिसनशेठ डब्याच्या झाकणात ठेचा काढत आणि ते झाकण हातोहात शेवटच्या माणसापर्यंत जाई. राजकारणाला ते कायम नकार देत आले होते. “सगळा तालुका असा एका पंगतीत बसवा, शेठ,” अशी गळ पक्षानं घातली तेव्हा कुठे त्यांनी तिकीट घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतात तर दोन सतरंज्या अंथरलेल्या. “शेठ, तुमाला तिकीट भेटलं आन् मोबाइलवर जातीजातीत जुंपली,” अलीकडच्या सतरंजीवरून कामगार चंद्रभागाबाई म्हणाली. “तुमी आपल्यातले, इकडं बसा.” शेठ दोन्हींच्या मधे, उघड्या फरशीवर बसले. नेहमीसारखा झाकणात ठेचा काढून त्यांनी तो पलीकडच्या सतरंजीवर बसलेल्या आसारामपुढे धरला. आसारामनं हात पुढे केला नाही. “मत मागायलात का, शेठ?” त्यानं हळूच विचारलं. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा होईपर्यंत झाकण शेठच्या हातातच होतं.