वाईटात वाईट दिवस

डार्काला सांभाळणाऱ्या मदतनीस बाईचे तास यंदाही मंजूर करायचे का, हे ठरवायला सरकारी कचेरीतल्या प्रुडनबाई सास्काटून शहरातल्या त्या घरी आल्या होत्या. तास गेले तर तिच्या आईला, हालिनाला, नोकरी सोडावी लागणार होती. 'लेकीचा वाईटात वाईट दिवस सांग. चांगला सांगितलास की संपलं,' असं अपंग मुलांच्या इतर आयांनी तिला पढवून ठेवलं होतं.

अकरा वर्षांची डार्का समोरच बीटचं सूप पीत होती.

"स्वतःच्या हाताने खाते की. मग मदतनीस कशाला?" प्रुडनबाईंनी विचारलं.

हालिना तोंड उघडणार तेवढ्यात डार्काचा हात उडाला आणि वाडगा उपडा झाला. लालभडक सूप तिच्या हनुवटीवरून छातीवर ओघळलं. ती तशीच आ वासून बसून राहिली.

प्रुडनबाईंनी आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. "हिला काही कळतं का हो?"

"नाही," हालिना म्हणाली.

"हे असं डोळ्यांनी दिसलं की माझं काम सोपं होतं. तास चालू राहतील."

त्या गेल्यावर हालिना लेकीची हनुवटी पुसू लागली. "माफ कर गं राणी. तुझ्यासमोर काय बोलून गेले मी."

डार्काला बोलता येत नसे. तिने टॅबलेट ओढून एकेक अक्षर टाइप केलं आणि त्याने ते सपाट आवाजात वाचून दाखवलं.

"सूप मी मुद्दाम सांडलं, आई. पुढच्या वर्षी याहून वाईट करून दाखवीन."